आईची मागणी

हिंगण्याहून वर्धा काही फार दूर नाही. पावसाळा सरला आणि शेतांतून पऱ्हाटीची बोंडे फुटू लागली, की आमच्या शाळेची सहल बहुधा त्या बाजूस निघे. सेवाग्रामची बापूकुटी, पवनारचा धाम नदीकाठचा विनोबांचा आश्रम आणि वर्ध्याच्या गोपुरीतील गीताई मंदिर, ही तीन स्थळे दाखवल्यावाचून मी मुलांना परत आणीत नसे.

गीताई मंदिरात शिरताना मुले नेहमी बुचकळ्यात पडत. कारण त्या मंदिराला छप्पर नाही आणि गाभाऱ्यात मूर्तीही नाही. तेथे आहेत त्या ग्रॅनाइटच्या उभ्या शिळा, आणि त्यांवर कोरलेले गीताईचे अठराही अध्याय. १९८० साली खुद्द विनोबांच्या हस्ते या मंदिराचे उद्घाटन झाले. एका वर्षी आम्ही त्या शिळांपुढून सावकाश चाललो होतो. विनोबांनी आपल्या आईच्या इच्छेसाठी ही गीता सोप्या मराठीत आणली, एवढे मी मुलांना सांगितले. तोच सहावीतील एका मुलीने विचारले, "सर, मग त्यांच्या आईने ही गीताई वाचली का?"

प्रश्न साधा होता. पण त्याने मला थांबवले. बालमित्रांनो, त्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी ती आई कोण होती, हे तुम्हांला सांगितले पाहिजे.

विनोबांचे संपूर्ण नाव विनायक नरहर भावे. त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोदे या कोकणातील खेड्यात झाला. हे खेडे तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात आहे. त्यांच्या आईचे नाव रुक्मिणीबाई. त्यांचे माहेर कानडी मुलखातले. शाळेचे शिक्षण त्यांना फारसे लाभले नव्हते. परंतु संतांचे कितीतरी अभंग आणि कानडी भक्तिगीते त्यांना मुखोद्गत होती. स्वयंपाक करताना, भांडी घासताना, मुलांना जेवू घालताना त्यांचे ओठ हरिनामाने हलत असत. आपल्या थोरल्या मुलाला त्या लाडाने 'विन्या' म्हणत. पुढे विनोबांनी आपल्या आईच्या अनेक आठवणी सांगितल्या. त्यांतील काहींचा आशय मी येथे माझ्या शब्दांत देतो.

विन्या लहान असताना एकदा कंदिलाच्या उजेडात भिंतीवर पडलेली आपलीच मोठी सावली पाहून घाबरला. आईने त्याला रागे भरले नाही, की सावली म्हणजे काय याचे व्याख्यानही दिले नाही. ही तर तुझी दासी आहे, असे तिने त्याला सांगितले; तू उभा राहिलास की ती उभी राहते, तू बसलास की ती बसते; तू हुकूम कर, ती ऐकेल. विन्याने करून पाहिले आणि त्याची भीती पळाली.

गागोद्याच्या अंगणात फणसाचे झाड होते. फणस पिकला, की मुलांच्या तोंडाला पाणी सुटे. पण आईचा नियम असा, की आधी शेजाऱ्यांचा वाटा. विन्याने घरोघर गरे पोचवावेत आणि मगच घरातल्यांनी खावेत. जो देतो तो देव आणि जो राखून ठेवतो तो राक्षस, अशी तिची शिकवण होती. तसेच तुळशीला पाणी घातल्याशिवाय विन्याला जेवायला मिळत नसे. त्याने नुसते 'भूक लागली' म्हटले, की आईचा पहिला प्रश्न तुळशीविषयीच असे.

शेजारच्या घरातील बाई आजारी पडली, तर रुक्मिणीबाई तेथे जाऊन स्वयंपाक करून देत. पण आपल्या घरचा स्वयंपाक त्या आधी उरकीत. हे पाहून विन्याने एकदा आईला चिडवले, की तू स्वार्थी आहेस, आधी आपल्या मुलांचे पाहतेस. आईने हसून उत्तर दिले, की त्यांचा स्वयंपाक आधी केला, तर जेवायच्या वेळी तो थंड होईल. त्यांना गरम मिळावे म्हणून आपला आधी. परोपकार म्हणजे नुसते काम करणे नव्हे. दुसऱ्याच्या ताटात अन्न ऊनऊन पडावे इतका विचार त्यात असावा लागतो, हे विन्या त्या दिवशी शिकला.

त्यांच्या घरी एक गरीब विद्यार्थी राहत असे. आदल्या दिवशीचे अन्न उरले, की आई ते स्वतः खाई किंवा विन्याच्या पानात वाढी. त्या विद्यार्थ्याला मात्र नेहमी ताजेच अन्न मिळे. विन्याने पुन्हा तिला अडवले. सर्वांशी सारखे वागावे असे तू आम्हांला सांगतेस. मग तू स्वतः भेद का करतेस? आईने भेद नाकारला नाही. तिचे म्हणणे असे, की तुझ्या ठिकाणी मला अजून माझा मुलगाच दिसतो आणि त्याच्या ठिकाणी अतिथिरूपाने आलेला देव दिसतो. तुझ्या ठिकाणीही मला देव दिसू लागेल, त्या दिवशी हा भेद आपोआप नाहीसा होईल. मुलांनो, आपली चूक प्रांजळपणे मान्य करून तीतूनही धडा देणारी अशी आई विरळाच!

एकदा रुक्मिणीबाईंनी देवाला एक लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प केला. रोज त्या बसून एकेक दाणा मोजीत. विन्याच्या वडिलांना, नरहरपंतांना, गणिताची व शास्त्राची आवड होती. ते म्हणाले, की एवढा खटाटोप कशाला? तोळाभर तांदळांत किती दाणे आहेत ते मोजावे, त्यावरून लाखाचे वजन काढावे, आणि कमी पडू नये म्हणून थोडे अधिक घालावे. रुक्मिणीबाईंना उत्तर सुचेना. संध्याकाळी त्यांनी विन्याला विचारले. तो म्हणाला, की हा केवळ हिशेबाचा प्रश्न नाही. प्रत्येक दाण्याबरोबर मन एकदा देवाकडे जाते. तागडीत घातले तर ते जाणार नाही. आईला परमानंद झाला. जे तिच्या मनात होते पण ओठांवर येत नव्हते, ते तिच्या मुलाने सोपे करून सांगितले होते.

दिवसभराची कामे आटोपून, सर्वांना जेवू घालून मग रुक्मिणीबाई देवापुढे बसत. हात जोडून, कान धरून त्या देवाजवळ आपल्या अपराधांची क्षमा मागत, आणि त्यांच्या डोळ्यांतून अश्रूंच्या धारा लागत. दिवसभर कष्ट उपसणारी, कुणाचे वाईट न चिंतणारी आपली आई कसली क्षमा मागत असेल, याचे मुलाला नवल वाटे. ते दृश्य विनोबांच्या अंतःकरणावर जन्मभर कोरलेले राहिले.

पुढे वडिलांच्या नोकरीमुळे हे कुटुंब बडोद्यास आले. तेथे १९१५ च्या सुमारास कोणी विद्वान गीतेवर प्रवचने करीत. रुक्मिणीबाई मोठ्या श्रद्धेने ऐकायला जात. पण संस्कृत गीता त्यांना कशी कळावी? त्यांनी विन्याला मराठी गीता आणावयास सांगितले. त्याने आणली ती गद्यात होती. आईला पद्य हवे होते. कारण पद्य गुणगुणता येते, पाठ होते, कामाच्या धांदलीतही सोबत करते. मग विन्याने वामन पंडितांची समश्लोकी गीता आणून दिली. काही दिवसांनी आईने सांगितले, की हीही मला अवघड जाते. याहून सोपी गीता मराठीत नाही, असे विन्या म्हणाला. त्यावर ती माउली उत्तरली, की मग तूच का करीत नाहीस? तुला ते येईल.

विन्या तेव्हा वीस वर्षांचा. आईने त्याच्याजवळ मागितले ते एवढेच. त्याने कमवावे, नाव काढावे, असे तिने मागितले नाही. जे मला कळत नाही ते मला कळेल असे कर, एवढीच तिची मागणी.

परंतु त्या वेळी मागणी पुरी झाली नाही. विन्याच्या मनात निराळेच वारे वाहत होते. एके दिवशी त्याने आईच्या देखत आपली प्रमाणपत्रे चुलीच्या विस्तवात टाकली. कधी उपयोगी पडली असती, ठेवली असती तर काय बिघडले असते, असे आईने म्हटले. पण त्याचा निश्चय ढळला नाही. २५ मार्च १९१६ रोजी तो परीक्षेसाठी मुंबईस जाण्यास निघाला, आणि वाटेत सुरतेस उतरून काशीस गेला. तेथून तो महात्मा गांधींच्या आश्रमात पोचला.

१९१८ साली हिंदुस्थानभर इन्फ्लुएंझाची भयंकर साथ आली. बडोद्याच्या घरातही दुखणे शिरले. गांधीजींनी विनोबांना आग्रहाने घरी धाडले. पण २४ ऑक्टोबर १९१८ रोजी रुक्मिणीबाईंनी देह ठेवला. त्यांना फार दीर्घ आयुष्य लाभले नाही. आणि त्यांची सोपी गीता तेव्हा कोणी लिहिली नव्हती.

आईच्या दोन वस्तू विनोबांनी आपल्याजवळ ठेवल्या: तिचे एक लुगडे आणि अन्नपूर्णेची लहानशी मूर्ती. लुगड्याची घडी ते उशाला घेत. पुढे खादीखेरीज दुसरे वस्त्र वापरावयाचे नाही असे व्रत त्यांनी घेतले. लुगडे खादीचे नव्हते. तेव्हा त्यांनी ते साबरमतीच्या पाण्यात सोडून दिले. अन्नपूर्णेची मूर्ती, तिची नित्य पूजा व्हावी म्हणून, त्यांनी आश्रमातील एका भक्तिमती बाईंना दिली. आता आईचे असे त्यांच्याजवळ काय उरले? उरली ती तिची मागणी. ती नदीत सोडता येत नव्हती आणि दुसऱ्याला देताही येत नव्हती.

आईच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, ७ ऑक्टोबर १९३० रोजी, वर्ध्यास विनोबा पहाटे लिहावयास बसले. संस्कृत श्लोकासारखाच मराठी श्लोक, शब्द मात्र घरात बोलता येतील असे; गीतेच्या सातशे श्लोकांचे हे काम ६ फेब्रुवारी १९३१ रोजी पूर्ण झाले. पण तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी ती गीता आश्रमातील मुलींना शिकवली. जेथे मुली अडखळत, तेथे मुलींना दोष न देता ते आपला शब्द बदलीत. १९३२ साली पुस्तकाची पहिली आवृत्ती निघाली. नाव ठेवले 'गीताई'. त्या एका नावात गीताही आहे आणि आईही आहे.

त्याच वर्षी विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे दर रविवारी ते गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत, आणि ते बोलणे झरझर लिहून घेत साने गुरुजी. हेच साने गुरुजी पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिणार होते! दोघांच्याही माता तेव्हा हयात नव्हत्या.

आता मी तुम्हांला माझ्या आईविषयी थोडे सांगतो. ती काही प्रसिद्ध स्त्री नव्हती. पण या गोष्टीचा शेवट तिच्यावाचून होत नाही.

आम्ही तिला 'माय' म्हणत असू. हिंगण्याजवळच्या आमच्या शेतात तिने उभा जन्म कष्ट केले. पहाटे उठून अंगणात सडा घालावा, भाकरी बांधून कापूस वेचायला जावे, सांजवेळी परतून दिवा लावावा, असा तिचा दिनक्रम. तिने पाच लेकरे वाढवली. सुना आणि नातवंडे पाहिली. ती शाळेत गेली नव्हती. देवापुढे मात्र एक दिवसही हात जोडल्यावाचून राहिली नाही.

मी सातवीत असताना पाठांतराच्या स्पर्धेत मला गीताईची लहानशी प्रत बक्षीस मिळाली. मायेने ती कपाळाला लावली आणि मला म्हटले, "बाबू, रोज एक श्लोक मले वाचून दाखव." मी वाचू लागलो. ती तुरीची डाळ निवडता निवडता माझ्यामागून म्हणे. एके संध्याकाळी तिने एका शब्दाचा अर्थ विचारला. मी सांगितला. तिला कळला नाही. तिने पुन्हा विचारला. मला मित्रांकडे खेळायला जायचे होते. मी चिडून म्हणालो, "तुला नाहीच कळायचा. तू शाळेत कुठे गेलीस?"

माय काही बोलली नाही. तिने पुस्तक पदराने पुसले आणि देव्हाऱ्यात ठेवले. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीस ती जवळ येऊन म्हणाली, "तुले वेळ असंल तवा सांग, बाबू. पण सोपं करून सांग."

'सोपं करून सांग!' गीताईच्या जन्माची कथा मला त्या वेळी ठाऊक नव्हती. पुढे शिक्षक झाल्यावर ती मी वाचली, तेव्हा माझी मान शरमेने खाली गेली. तीच मागणी दोन आयांनी आपापल्या मुलांजवळ केली होती. एकाने त्या मागणीसाठी सातशे श्लोक रचले; दुसऱ्याला एक शब्द समजावून सांगण्याचाही कंटाळा आला. त्या दिवसापासून मी रोज सायंकाळी मायेजवळ बसू लागलो. कितीतरी वर्षे लागली. पण एकेक करीत तिने सगळे अध्याय तोंडपाठ केले. पुढे तिची दृष्टी मंदावली. मग वाचणारा मी आणि चुका सुधारणारी ती, असे उलटे होऊ लागले!

आता सहलीतील त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळतो. त्या दिवशी मी तिला सांगितले, "नाही बाळ. गीताई लिहून होण्यापूर्वी बारा वर्षे ती आई गेली होती." मुलीचा चेहरा उतरला. मला याहून निराळे उत्तर सुचले नाही.

रात्री घरी आल्यावर मी मायेला तो प्रश्न सांगितला. तेव्हा ती ऐंशीच्या घरात होती. खाटेवर बसून जपमाळ ओढता ओढता ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "तिच्या वाट्याची आम्ही म्हणतो ना, बाबू!"

एवढे बोलून तिने पुन्हा मणी ओढला. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताच मी त्या मुलीला बोलावून ते उत्तर सांगितले.

विनोबा १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे निवर्तले. माझी मायही आता नाही. नव्वदीला टेकून ती शांतपणे गेली. गीताईच्या लाखो प्रती घरोघर गेल्या आहेत, आणि कोठे ना कोठे एखादी माय, एखादी आजी रोज सायंकाळी ती म्हणत असते.

मुलांनो, तुमच्याही घरी कोणीतरी तुम्हांला विचारीत असेल: हे पत्र वाचून दाखव, या कागदात काय लिहिले आहे ते सांग, या शब्दाचा अर्थ काय ते सांग. त्या वेळी घाई करू नका. दोनदा विचारले तर दोनदा सांगा, आणि सोपे करून सांगा.

शब्दार्थ

पऱ्हाटी – कपाशीचे झाड. मुखोद्गत – तोंडपाठ. अतिथी – पाहुणा. प्रांजळपणे – मोकळ्या मनाने. विरळा – क्वचित आढळणारा. संकल्प – मनाशी केलेला निश्चय. तागडी – तराजू. समश्लोकी – मूळ श्लोकासारखाच श्लोक रचून केलेले भाषांतर. निवर्तणे – मरण पावणे.

अभ्यास

१. रुक्मिणीबाई आपल्या घरचा स्वयंपाक शेजारणीच्या स्वयंपाकाआधी का करीत?

२. तांदळाचे दाणे मोजण्याविषयी वडिलांचे म्हणणे काय होते? विन्याने काय उत्तर दिले? तुम्हांला कोणाचे म्हणणे पटते? का?

३. आईचे लुगडे विनोबांनी नदीत का सोडले? 'मागणी मात्र नदीत सोडता येत नव्हती' याचा अर्थ स्पष्ट करा.

४. आश्रमातील मुली अडखळत तेव्हा विनोबा काय करीत? माय अडखळली तेव्हा लेखकाने काय केले? दोन्हींतील फरक सांगा.

५. 'तिच्या वाट्याची आम्ही म्हणतो ना, बाबू!' या उद्गाराचा आशय चार-पाच वाक्यांत लिहा.

६. तुमच्या आईला किंवा आजीला पाठ असलेले एखादे गीत त्यांच्याकडून ऐकून वहीत लिहून घ्या, आणि ते त्या कोणाकडून शिकल्या ते विचारा.